जन्म निरवांगीचा लावा

इंदापूरच्या एका वकिलानं माझ्या भागीदाराला फसवलं, भागीदाराच्या सुनेला फसवलं आणि मला खोटा साक्षीदार केलं. पुढं जे लिहितोय तो या एका वाक्याचा खुलासा आहे. ज्याला एवढ्यावर पटलं त्यानं इथंच थांबायला हरकत नाही. पण शिकलेल्या माणसाविरुद्ध अडाणी माणूस बोलला की लोक आधी अडाण्याकडंच संशयानं बघतात, हा माझा जन्माचा अनुभव आहे. म्हणून सगळं सांगतो.

आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. ती गेली, रानात भागेना, म्हणून मी तरुणपणीच बैलांच्या व्यापारात शिरलो. आमच्याकडं या धंद्यातल्या माणसाला हेडी म्हणतात. मला कुणी शिकवलं नाही की कुणी भांडवल दिलं नाही. दात, खूर आणि चाल बघून बैल ओळखायला मी ठेचा खात शिकलो. बारामतीच्या बाजारात माझा शब्द चालायला लागला तेव्हा भागीदार भेटला. तो इंदापूरचा मुसलमान, माझ्यापेक्षा वयानं मोठा. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला तात्या म्हणायचा. जनावर पारखण्यात तो वरचढ, भाव करण्यात मी. तो मऊ, मी तापट. गिऱ्हाईक त्याच्याजवळ येऊन बसायचं आणि माझ्याशी भांडून उठायचं, पण उठताना बैल घेऊन जायचं.

आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांचे हात उपरण्याखाली जातात, बोटं धरून आकडा कळवला जातो. पहिला आकडा कुणीच खरा धरत नाही. विकणारा डोंगराएवढा सांगतो, घेणारा मुठीएवढा, आणि दोघं सरकत सरकत मधे येऊन भेटतात. पहिल्यांदा जास्त सांगितलं म्हणून विकणाऱ्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. उलट जो सुरुवातीलाच खरा भाव सांगतो त्याच्या बैलात काहीतरी खोड असणार असं समजून लोक पुढं सरकतात. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं याच रीतीचं खापर माझ्या डोक्यावर फोडलं गेलं.

भाईची बहीण निरवांगीला दिलेली होती. तिचा नवरा इंग्रजांच्या राज्यात कराचीच्या बंदरावर हमालीला गेला. तेव्हा कराची म्हणजे परदेश नव्हता. कुणी मुंबईच्या गिरणीत जातो तसा तो तिकडं गेला. बायकोला नेलं, तिथंच मुलगी झाली, आणि मुलगी लहान असतानाच तो तिथं वारला. मायलेकी लोकांची भांडी घासून तिथंच राहिल्या. मग देशाचे दोन देश झाले. त्या घरातून हलल्यासुद्धा नाहीत आणि आपल्याला परक्या झाल्या.

नागरिकत्वाचा नवा कायदा नुकताच झाला होता, त्या दिवसांत या दोघी पाकिस्तानचा पासपोर्ट आणि आपला व्हिसा घेऊन भाईकडं आल्या. भाईनं भाचीला आपल्या मुलासाठी करून घेतलं. आमच्यातही मामाच्या घरात भाची सून म्हणून येते, त्यामुळं मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पोरीच्या बोलण्याचं. मला वाटलं होतं, कराचीची म्हणजे उर्दू झाडणार. मी लग्नाला गेलो तर ती म्हणते, "तात्या, दारात का हुबं? हितं वाऱ्याला बसा की."

मी भाईला म्हणालो, "आरं, ही कसली कराचीची? ही तर चावडीम्होरची पोरगी हाय."

भाई हसून म्हणाला, "तिच्या बापानं, त्याच्या मागं तिच्या आईनं, घरात दुसरी बोली शिरूच दिली न्हाय. बाप म्हणायचा, पोरीला उद्या निरवांगीला न्यायचीय, तितं तिला कुणी हसाय नको."

लग्न झालं. आई कराचीला परत गेली, पोरगी राहिली. पोलिसांकडून मुदत एकदा वाढवून मिळाली. दुसरी मुदत संपत आली तेव्हा तिला दिवस गेले होते. भाईच्या तोंडचं पाणी पळालं. सून पोटुशी, आणि सरकारी कागद म्हणतो, जा. मी त्याला घेऊन कचेरीजवळच्या त्या वकिलाकडं गेलो. वकील तरुण होता, हुशार म्हणून नाव होतं, आणि माझ्या दोन भांडणांत त्यानं मला मोकळं केलं होतं. म्हणून माझा विश्वास.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. पोरगी कुठं जन्मली, बाप कुठं वारला, लग्न कुठं लागलं, सगळं आम्ही खरं सांगितलं. वैद्यापुढं आणि वकिलापुढं खोटं बोलू नये, एवढी अक्कल आम्हाला होती.

भाई म्हणाला, "सायेब, काय बी करा, पर पोरगी हितंच ऱ्हायली पायजे."

मी म्हणालो, "सायेब, आमच्या धंद्यात आदी जास्त मागत्यात, मग उतरत्यात. हितं काय मागायचं ते तुमी सांगा."

वकील खूश होऊन हसला. "तात्या, तुम्ही वकील व्हायला हवं होतं. अगदी तेच करू. मुदत मागितली तर चिमूटभर देतील, परत यायचं, परत मागायची. आपण म्हणू, ही परकी नाहीच मुळी. इथलीच. चुकून तिकडं गेली, परत यायला दुसरा इलाज नव्हता म्हणून तिकडचा पासपोर्ट घेतला. मग सरकार काहीतरी मधलं काढून देईल." आणि कारकुनाकडं वळून म्हणाला, "जन्म निरवांगीचा लावा."

"आन बाप?" मी विचारलं.

"बापही निरवांगीलाच वारला. तिकडं राहून वारला म्हटलं की तो तिकडचाच झाला, मग मुलगीही तिकडची."

भाईनं दोन्ही कानांना हात लावले. "तौबा, सायेब. मेव्हण्याची माती तितं पडलीया."

"पडू द्या. निरवांगीच्या कबरस्तानात बिननावाच्या कबरी थोड्या आहेत का? विचारलीच कुणी तर एक दाखवायची."

मला ते बोलणं आवडलं नाही. मेलेल्या माणसाचा असा व्यवहार करू नये. पण भाईच्या सुनेचा चेहरा डोळ्यांपुढं होता, आणि वकील इतक्या सहज बोलत होता की वाटलं, या कचेरीची हीच रीत असेल. मग साक्षीदाराचा विषय निघाला.

"तात्या, तुम्ही निरवांगीला बैल बघायला जाता. ही पोर लहानपणी दारात खेळताना पाहिली, एवढंच लिहायचं."

"सायेब, मी तिला पयल्यांदा पाहिली ती लग्नात."

"तिच्या बापाला पाहिलं होतं?"

"व्हय. जत्रंत, एकदा."

"बाप दिसला, मग पोरगी दिसायला काय झालं?"

तिथं बसलेली माणसं हसली. मी हसलो नाही. मी सरळ विचारलं, "सायेब, आमी शपतंवर लिवून देणार. उद्या अंगाशी आलं तर? दुसरी वाट हाय का न्हाय ते सांगा. लांबची असली तरी चालंल."

तो म्हणाला, "नाही."

या एका 'नाही'साठी मी हे सगळं लिहितोय.

कागद तयार झाला. सुनेला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "हे माझं न्हाय." तिचा नवरा तिच्यावर खेकसला, "गप. सायबांनी इचार करूनच केलंय." तिला उर्दूत सही येत होती. वकिलानं सही नको म्हणून अंगठा घेतला, म्हणजे पोरगी अडाणी खेड्यातली वाटेल. मी माझी सही केली. लिहायला मी पुढं शिकलो; त्या काळात मला सही करायला जोर लावावा लागायचा आणि लोक माझ्या सहीला मान द्यायचे.

पुढं चौकशी आली. पुण्याहून एक अंमलदार इंदापूरच्या कचेरीत आला. परक्या लोकांचं काम तो बघायचा. आम्हाला बोलावणं आलं. वकील त्या दिवशी बारामतीला दुसऱ्या खटल्यात होता. निरोप मात्र पाठवला, "लिहिलंय तेवढंच बोला."

सुनेला एकटीला आत घेतलं. नवऱ्यालासुद्धा बाहेर ठेवलं. आम्ही लिंबाखाली बसलो होतो. भाईच्या ओठांत काहीतरी पुटपुट चालली होती. बऱ्याच वेळानं ती तोंडाला पदर लावून बाहेर आली. मी उठून तिच्याकडं जाणार तोच शिपायानं मला हाक मारली, आणि मी तसाच आत गेलो.

अंमलदार शांत माणूस होता. त्यानं मला बसायला सांगितलं. पोरीला कुठं पाहिली, केवढी होती, अंगावर काय होतं, बाप काय काम करायचा, सगळं विचारलं. मी एकदा बोलायला लागलो की थांबत नाही. बाजारात बैलाचं कौतुक करावं तसं मी तिच्या बालपणाचं केलं. दारातलं चिंचेचं झाड, तिची फाटकी परकर-चोळी, बापाच्या खांद्यावरची घोंगडी. तो ऐकत होता आणि मधेमधे मान हलवत होता.

सगळं झाल्यावर म्हणाला, "तुम्ही बैल अचूक ओळखता असं ऐकलंय."

"व्हय सायेब. बारामतीत कुणालाबी इचारा."

"मग माणसाच्या बाबतीत एवढी चूक कशी झाली?" आणि त्यानं सुनेचा जबाब मला वाचून दाखवला. जन्म कराचीचा. बाप कराचीत वारला. निरवांगी तिनं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली.

त्या खोलीत मी किती लहान झालो ते मलाच ठाऊक. ज्या माणसाच्या शब्दावर लोक जनावरं सोडून देत होते, त्याला एका परक्या माणसानं न ओरडता खोटारडा ठरवला, आणि मला रागावता येईना.

तरी मी सोडलं नाही. म्हणालो, "सायेब, जन्म खोटा असंल, पर लगीन खरं हाय का न्हाय? आमी जेवलोय त्या लग्नात. पोरीच्या पोटात हितल्या माणसाचं लेकरू हाय."

"लग्न खरं आहे, मला मान्य आहे. आता खरं काय ते ऐका," तो म्हणाला. "तिला खोटं बोलायची गरजच नव्हती. इथल्या नागरिकाची बायको म्हणून नोंदणी मागायची सोय नव्या कायद्यात आहे. वेळ लागला असता, चौकशी झाली असती, तोवर मुदत वाढवून मागता आली असती. अशा बायकांचे अर्ज आमच्याकडं येतात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मी म्हणालो, "मग आता द्या तो अर्ज. मी आत्ता लिवून घेतो."

"आता तिनं शपथेवर सांगितलंय की ती मुळात इथलीच आहे. तुम्हीही सांगितलंय. ते खोटं निघालं. यापुढं तिच्या नावानं काहीही आलं तरी वरचे लोक आधी हे कागद काढतील. लग्नसुद्धा इथं राहण्यासाठी रचलेलं होतं, असं म्हणतील. मी शिफारस करू तरी कशाच्या जोरावर?"

"पर खरं तर तीच बोलली!"

"हो. म्हणून तिच्यावर आणि तुमच्यावर खटला भरा असं मी लिहिणार नाही. याच्यापुढं माझ्या हातात नाही."

बाहेर आलो तो माझं डोकं फिरलेलं. मी भाईच्या देखत तिच्यावर ओरडलो, "पोरी, काय केलंस गं हे? आमी सगळ्यांनी तुझ्यापायी इमान गहाण टाकलं आन तू...!"

ती म्हणाली, "तात्या, गावाचं खोटं बोलले मी. जन्माचं बी बोलले. मग सायेब म्हणाले, बापाची कबर कुटं हाय? म्हणलं, निरवांगीला. तर म्हणाले, चला, मोटार हाय, दाखवा. आता परक्याच्या कबरीवर हात ठिवून मी 'अब्बा' म्हणू? तो कुणाचा बाप असंल तो असंल. आन माझा बाप तितं एकला पडलाय, त्यानं काय म्हणावं?"

तिचा नवरा म्हणाला, "म्हणाली असतीस तर काय जीभ झडली असती?" ते ऐकून ती रडायची थांबली.

आम्ही पुण्याला खेटे घातले. दर खेपेला तोच कागद पुढं यायचा, माझ्या सहीचा. शेवटी तिनं देश सोडायचा हुकूम आला. इंदापूरच्या स्टँडवर तिला एसटीत बसवलं तेव्हा तिला वाकता येत नव्हतं, तरी ती भाईच्या पायाला लागायला बघत होती. भाईनं तिला वरच्यावर धरलं. बाजूनं सोलापूरकडचे ट्रक भोंगे वाजवत जात होते, त्यामुळं ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. नवरा मुंबईपर्यंत पोचवायला गेला आणि आगबोटीत बसवून परत आला.

लेकरू कराचीत झालं, मुलगा. म्हणजे तोही तिकडचा. काही काळानं भाईचा पोरगा, लेकराला बघून येतो म्हणून व्हिसा काढून गेला आणि तिकडंच कामाला लागला. मी त्याला दोष देत नाही. बायकापोरांमागं माणूस जाणारच. पण भाईचा तो एकुलता एक. भाईनं बाजाराला यायचं हळूहळू बंद केलं. गोठा रिकामा झाला. मी गेलो की ओट्यावर बसून म्हणायचा, "नशीब, तात्या." मला या शब्दाची चीड आहे. नशीब वर बसलेलं असतं. हे ज्यानं केलं तो इंदापूरच्या कचेरीजवळ खुर्ची टाकून बसला होता.

मी वकिलाला गाठलं. त्यानं आधी चहा मागवला. मी म्हणालो, "चा ऱ्हाऊ द्या. बायकू म्हणून अर्ज करायची वाट कायद्यात हुती का न्हाय?"

"होती. पण ती लांबची होती. तुम्हाला घाई होती."

"मी लांबची चालंल म्हणालो हुतो. तुमी न्हाय म्हणालात."

"मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, तात्या, की आधी जास्त मागा असं तुम्हीच म्हणालात. मी तुमच्या म्हणण्याप्रमाणं अर्ज केला."

मी त्याच्या टेबलावर हात आपटला. दौत सांडली, आणि त्यावरूनच पुढं गावात बोललं गेलं की तात्यानं वकिलावर हात टाकला. हात टाकला नाही. टाकायला हवा होता की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी त्याला म्हणालो, "मी बैलाच्या बाजारातला माणूस. जास्त मागितलं तर समोरचा कमी सांगतो, एवढंच मला म्हाईत. कचेरीत जास्त मागितलं की तेच खोटं म्हणून चिकटतं, हे मला कोण सांगणार? मी का तुमच्याकडं बैल इकायला आलो हुतो? जे मला ठावं न्हाय ते तुमाला ठावं हाय, म्हणून आलो हुतो."

तो म्हणाला, "भाईच्या सुनेनं तोंड उघडलं नसतं तर आज तुम्ही मला पेढे दिले असते."

हेच वाक्य तो आणखी चार ठिकाणी बोलला, आणि तेच गावात रूढ झालं. आज निरवांगीपासून बारामतीपर्यंत जिथं हा विषय निघतो तिथं लोक म्हणतात, पोरगी भोळी, नको तिथं खरं बोलली आणि स्वतःचा संसार घालवून बसली. तिकडं तिच्या नवऱ्याच्या मनातही तेच आहे, असं त्याच्या बोलण्यावरून भाईला कळलं. म्हणजे सगळ्या प्रकरणात जे एकच माणूस खरं बोललं त्याच्यावर सगळ्यांचा दोष जाऊन बसला, आणि वकील मोठा झाला. आता तो बारामतीला असतो. सभेत त्याला व्यासपीठावर खुर्ची असते, आणि न्यायाविषयी तो बरं बोलतो म्हणे.

वकीलसाहेब, तुम्ही वाचता हे मला माहीत आहे. माझी सही खोटी होती, ते मी नाकारत नाही. बाजारात उभा करून विचारा, तिथंही सांगेन. पण मी विचारलं तेव्हा वाट होती, आणि ती तुम्हाला माहीत होती, की नव्हती? माहीत होती तर 'नाही' का म्हणालात? माहीत नव्हती तर नवा कायदा न वाचता एका गरोदर बाईचा अंगठा कुठल्या हिमतीनं घेतलात? हे उत्तर मला देऊ नका, माझ्याशी तुमचं भांडण आहे. भाईचा ओटा इंदापुरात आहे तिथंच आहे. तिथं जाऊन त्याच्यासमोर बसा आणि सांगा. मग तेच कागदावर लिहा, खाली तुमची सही करा, अंगठा नव्हे, आणि कराचीला तिच्या नवऱ्याच्या हातात पडेल असं पाठवा, की तुझी बायको खरं बोलली म्हणून गेली नाही, माझ्या सल्ल्यानं गेली.